झाडपाल्याच्या औषधाची पारख

मागच्या पावसाळ्यांत एका वाडीवर आमचें जाणें झालें. पडवींत एक म्हातारी साहाणेवर बाळगुटी उगाळीत बसली होती. हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, वेखंड, असा एकेक जिन्नस घेऊन त्याचे चार वेढे ती दुधांत देई व तो पुसून फडक्यावर ठेवी. शेजारीं तिची नात दोन महिन्यांचें मूल मांडीवर घेऊन बसली होती. ती बाळंतपणास माहेरीं आली होती. वेखंडाची पाळी आली तेव्हां नात म्हणाली, "आजी, हें नको. नर्सबाईंनी सांगितलंय, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही." म्हातारीनें हात न थांबवितां उत्तर दिलें, "तुझ्या बापासकट पाच पोरं मी ह्याच्यावर वाढवली. एकाला तरी काही झालं का?" मग दोघींनीं आमच्याकडे पाहिलें.

त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. कांहीं तरी सांगून आम्ही उठलों. पुढें या विषयाचा जो अभ्यास केला तो येथें मांडीत आहों. हा पाठ त्या पडवींतील दोघींस उद्देशून आहे असें वाचकांनीं समजावें.

म्हातारीच्या म्हणण्यास हंसूं नये. तीही एक परीक्षाच आहे, व फार जुनी आहे. धोतऱ्याचें बीं खाल्लें तर माणूस घटकाभरांत बरळूं लागतो, हें कोणत्याही प्रयोगशाळेनें आपणांस शिकविलेलें नाहीं. बिबा फोडतांना त्याचें तेल अंगावर उडालें कीं फोड येतात, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. कडू करांदे चिरून, पाण्यांत भिजवून व उकळून मगच खावे, हें रानाजवळच्या माणसांनीं स्वतःच्या पोटावर अनुभव घेऊन ठरविलें. बचनागाची गोष्ट तर विशेष विचार करण्याजोगी आहे. तो कच्चा पोटांत गेला तर जीभ व ओंठ बधिर होतात, हृदयाचे ठोके बिघडतात, व थोडक्याच मात्रेनें माणूस दगावतो. म्हणून वैद्य तो गोमूत्रांत भिजत घालून किंवा दुधांत शिजवून शुद्ध करून घेत आले. आधुनिक रसायनशास्त्रज्ञांनीं ही कृति तपासली, तेव्हां तींत तथ्य आढळलें. बचनागांतील ॲकोनिटीन नांवाचें विष पाण्यांत पुष्कळ वेळ उकळल्यानें फुटतें व त्याचीं त्याहून पुष्कळ सौम्य द्रव्यें बनतात. तरीही तें किती वेळ शिजवावें यांत चूक झाली तर प्राण जातो. घरीं करण्याचें तें काम नव्हे.

तेव्हां पूर्वजांचा अनुभव खोटा नाहीं. प्रश्न इतकाच कीं, या अनुभवास दिसतें काय व दिसत नाहीं काय? वरील सर्व उदाहरणें पाहा. विष पोटांत गेलें व त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं परिणाम दिसला. कारण व कार्य शेजारीं शेजारीं असलीं कीं अशिक्षित मनुष्यही तीं जोडूं शकतो. परंतु आज घेतलेल्या काढ्यानें दहा वर्षांनंतर मूत्रपिंड निकामी झालें तर तो काढा कोणास आठवणार?

असें खरोखर घडलें आहे. ॲरिस्टोलोकिया या नांवाचें वेलींचें व झुडुपांचें एक कुळ आहे. हें नांव ग्रीक असून त्याचा अर्थ प्रसूतीस उत्तम असा होतो. युरोपांतील सुइणी दोन हजार वर्षें तीं मुळें बाळंतिणींस देत आल्या. चीनमध्यें त्याच कुळांतील झाडें औषधांत होतीं. आपल्याकडेही तीं आहेत. ज्या वेलीस सापसण किंवा सापसंद म्हणतात ती त्यांपैकींच एक. तिचें मूळ सापाच्या विषावर उगाळून देतात; त्यानें सर्पदंश बरा होत नाहीं, व दवाखान्यांत प्रतिविष टोंचून घेण्यास उशीर मात्र होतो, हें जातां जातां सांगून ठेवतों. मुलांच्या जंतांवर जी किडामारी देतात तीही याच कुळांतली.

इतक्या देशांत, इतकीं शतकें, इतक्या लोकांनीं हीं मुळें घेतलीं व कोणी तक्रार केली नाहीं. पुढें १९९० सालीं बेल्जम देशांत ब्रुसेल्स येथील एका दवाखान्यानें वजन कमी करण्याच्या आपल्या गोळ्यांत दोन चिनी वनस्पति घालण्यास आरंभ केला. दोन वर्षांच्या आंत, पूर्वीं निरोगी असलेल्या तरुण स्त्रिया मूत्रपिंड सुकलेल्या स्थितींत डॉक्टरांपुढें येऊं लागल्या. १९९३ सालीं तेथील डॉक्टरांनीं हा प्रकार प्रसिद्ध केला. पुढें अशा रोग्यांची संख्या शंभरांवर गेली. शोध करतां कळलें कीं, स्टेफानिया नांवाच्या वेलीचें मूळ म्हणून जें आलें होतें तें ॲरिस्टोलोकियाचें होतें. चिनी भाषेंत दोहोंचीं नांवें जवळजवळ सारखीं आहेत, आणि वाळलेल्या मुळांच्या चकत्या ओळखणें कठीण. अनर्थ एवढ्यावरच थांबला नाहीं. ज्यांचीं मूत्रपिंडें पूर्ण निकामी झालीं होतीं अशा ३९ रोग्यांचीं मूत्रपिंडें व मूत्रनलिका शस्त्रक्रियेनें काढून तपासल्या, तेव्हां १८ जणांस कर्करोग झालेला आढळला. हें २००० सालीं छापून आलें.

याहून आमच्या शेतकरी वाचकांस जवळची वाटेल अशी गोष्ट डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकांठच्या खेड्यांची आहे. सर्बिया, बोस्निया, क्रोएशिया, बल्गेरिया व रुमानिया या देशांतील कांहीं ठराविक गांवांत मध्यम वयाचे शेतकरी मूत्रपिंडाच्या रोगानें मरत. एका घरांत तिघे मरत, तर शेजारचें गांव अगदीं सुरक्षित असे. १९५० नंतरच्या दशकांत डॉक्टरांनीं या रोगाचें वर्णन केलें. परंतु कारण सांपडेना. कोणी पाण्यास दोष देई, कोणी रक्ताच्या नात्यास. अखेर २००७ च्या सुमारास पुरावा हातीं आला. गव्हाच्या शेतांत तण म्हणून ॲरिस्टोलोकिया उगवत असे, त्याचें बीं गव्हाबरोबर दळलें जाई, व लोक वर्षानुवर्षें त्याची भाकर खात. खुरपून काढावयाचें एक तण पिढ्यांचा घात करीत होतें, आणि त्या शेतांत जन्म घालविलेल्या माणसांस तें कळलें नाहीं. त्यांच्या डोळ्यांत दोष नव्हता. घास आणि मरण यांच्यामध्यें वीस वीस वर्षांचें अंतर असेल तर डोळ्यांस काय दिसणार?

आतां प्रयोगशाळा काय करिते तें पाहूं. आधीं झाडाची ओळख पटवावी लागते. पान, फूल, फळ यांसह फांदी दाबून वाळवून नमुना ठेवतात, म्हणजे पुढें वाद पडला तर तो काढून पाहतां येतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत १९०६ सालापासूनचा असा संग्रह आहे. पुण्यासही भारतीय वनस्पति सर्वेक्षण विभागाचें केंद्र आहे. मग औषधांत शिसें, पारा, सोमल, कीटकनाशक किंवा बुरशीचें विष मिसळलें आहे काय तें पाहतात. हें केवळ नांवापुरतें नव्हे. अमेरिकेंत बोस्टन शहराच्या आसपासच्या दुकानांतून दक्षिण आशियांत बनविलेलीं ७० आयुर्वेदिक औषधें विकत घेऊन तपासलीं, तेव्हां १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल सांपडलें. ही तपासणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. त्यानंतर उंदरांची पाळी. एकदांच मोठी मात्रा देऊन चौदा दिवस पाहतात. दुसऱ्या उंदरांस रोज थोडी थोडी मात्रा २८ दिवस, मग ९० दिवस देतात. त्यांचें खाणें, वजन, रक्त यांची नोंद ठेवतात, आणि शेवटीं यकृत व मूत्रपिंड यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतात. गाभण माद्यांस देऊन पिलांवर काय होतें तेंही पाहतात.

आणखी एक परीक्षा आहे, ती आम्हांस फार नवलाची वाटली. १९७० नंतरच्या दशकांत ब्रूस एम्स नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें ती तयार केली. एका जातीचे सूक्ष्म जंतु अशा बशींत ठेवतात कीं तेथें ते वाढूं शकत नाहींत. त्यांवर औषधाचा अर्क घालतात. अर्क जर पेशींतील आनुवंशिक द्रव्य बिघडविणारा असेल तर त्या बिघाडामुळें कित्येक जंतूंचा स्वभाव पालटतो, व ते वाढूं लागून बशीवर ठिपके उमटतात. दोन दिवसांत उत्तर मिळतें. ॲरिस्टोलोकियांतील आम्ल या परीक्षेंत सांपडतें. तीन महिने तें आम्ल खाल्लेल्या उंदरांस गांठी झाल्या, हेंही १९८० नंतर लवकरच कळलें, व त्यावरून जर्मनीनें १९८१ सालीं हें द्रव्य असलेलीं औषधें बाजारांतून काढून टाकिलीं. म्हणजे ब्रुसेल्सच्या स्त्रियांनीं ती गोळी तोंडांत घातली त्याच्या नऊ वर्षें आधीं परीक्षा होऊन निकालही लागला होता. मूळ पारखून घेण्याचें काम तेवढें राहून गेलें.

उंदरांवरील परीक्षेनें सर्व काम भागतें असें मात्र नाहीं. याचा दाखला आपल्या परसांतच आहे. गुळवेल ही आपणांकडे तापावरची मान्यतेची वनस्पति. उंदरांवरील कित्येक प्रयोगांत ती यकृतास हितकारकही दिसली होती. २०२० सालीं कोव्हिडची साथ आली तेव्हां शक्ति वाढावी म्हणून घरोघर लोक तिचा काढा रोज पिऊं लागले. त्या वर्षाच्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळांत मुंबईंतील डॉक्टरांस कावीळ झालेले सहा रोगी आढळले, व सहाही जण गुळवेल घेणारे होते. त्यांचा वृत्तांत २०२१ सालीं छापला गेला. आयुष मंत्रालयानें हरकत घेतली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसऱ्या जातीची वेल चुकून घेतली गेली असावी, नीट ओळख पटविल्यावांचून गुळवेलीस दोष देऊं नये, असें त्यांचें म्हणणें. ही हरकत विचार करण्याजोगी होती. पुढें २०२२ सालीं देशांतील तेरा रुग्णालयांनीं मिळून ४३ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. बहुतेक जण वेल बंद केल्यावर सुधारले. कांहीं जण, विशेषतः ज्यांचें यकृत आधींच दुबळें होतें, ते दगावले. ज्यांच्या शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच यकृतावर उलटण्याकडे झुकलेली असते अशांस ती वेल चेतवीत असावी, असा डॉक्टरांचा तर्क आहे.

येथें कोणी म्हणेल, आमच्या गांवांत शंभर माणसांनीं गुळवेल घेतली, कोणासही कांहीं झालें नाहीं. तें खरेंच असेल. परंतु हिशेब करून पाहा. एखादें औषध हजारांत एकासच बाधत असेल, तर शंभर माणसांच्या वाडीस तें जन्मांत कळणार नाहीं. गणितज्ञांचा एक ठोकताळा आहे: अपाय हजारांत एकाहून कमी आहे असें बऱ्याच खात्रीनें म्हणावयाचें तर तीन हजार माणसांस तें देऊन एकासही बाधलेलें नाहीं असें दाखवावें लागतें. तीन हजार माणसांची नोंद कोणत्या आजीनें ठेवली आहे? शिवाय जुनी रीत निराळी होती. ताप आला म्हणजे चार दिवस गुळवेल घ्यावी, ताप उतरला म्हणजे सोडावी. महिनेच्या महिने रोज पिणें ही नवी गोष्ट होती, आणि तिला जुन्या अनुभवाची साक्ष लागू पडत नाहीं.

नांवांचा घोंटाळाही थोडा नाहीं. ब्राह्मी म्हणून आपल्या पुष्कळ गांवांत एकपानी कारिवणा देतात, तर दुसरीकडे ब्राह्मी म्हणजे पाणथळ जागीं पसरणारी नीरब्राह्मी. अशोकाची साल म्हणून शोभेच्या उंच आसुपालवाची साल विकली जाते. पुस्तकांतील गुण एका झाडाचे, व पोटांत जातें दुसरेंच.

परीक्षा म्हणजे झाडपाल्याशीं वैर, असा कित्येकांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. सर्पगंधेचें मूळ आपल्या देशांत वेड व निद्रानाश यांवर कित्येक काळ देत होते. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाब वाढलेल्या ५० रोग्यांस तें देऊन, मोजमाप ठेवून, १९४९ सालीं आपला अनुभव एका इंग्रजी वैद्यकीय मासिकांत छापला, आणि जगभरचे डॉक्टर तें औषध वापरूं लागले. पुष्कळांस दिल्यामुळेंच मग हेंही कळलें कीं, मोठ्या मात्रेनें कांहीं रोग्यांचें मन अतिशय खिन्न होतें. गुण आणि दोष एकाच वहींत लिहिले गेले.

आतां पडवींतल्या वेखंडाकडे वळूं. आपल्या देशांतील वेखंडाच्या तेलांत बीटा-ॲसारोन नांवाचें द्रव्य पुष्कळ असतें. अमेरिकेंत उगवणाऱ्या वेखंडांत तें नसतें. जम्मूकडील वेखंडाचें तेल उंदरांस दीर्घ काळ खाऊं घातलें, तेव्हां त्यांच्या आंतड्यांत गांठी झाल्या. त्यावरून १९६८ सालीं अमेरिकेच्या सरकारानें वेखंड खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी केली. उंदरांस दिलेली मात्रा मोठी होती व गुटींतले वेढे चारच असतात, हें आम्ही जाणतों. गुटीमुळें अमक्या मुलास कर्करोग झाला असें कोणी दाखविलेलें नाहीं, आणि म्हातारीस घाबरविण्याकरितां आम्ही तसें म्हणणारही नाहीं. परंतु दुसऱ्या पारड्यांत काय आहे? वेखंडानें मूल लवकर बोलूं लागतें याचा पुरावा नाहीं. पोटदुखीसाठीं म्हणाल तर पाजल्यावर मूल खांद्यावर उभें धरून पाठीवर थोपटावें, वारा सरतो. दोन महिन्यांच्या मुलाचें यकृत व मूत्रपिंड कोंवळें असतें. आणि साहाण, फडकें व दूध यांतून अतिसाराचे जंतु पोटांत जातात, हा धोका तर आजचाच आहे. म्हणून या वादांत आम्ही नातीच्या बाजूचे आहों. सहा महिने आईचें दूध, दुसरें कांहीं नाहीं.

म्हातारीनें पांच मुलें वाढविलीं असें सांगितलें. जन्मलीं किती, हें तिनें सांगितलें नाहीं. त्या दिवशीं आम्हींही विचारलें नाहीं. जीं गेलीं, तीं गुटीमुळें गेलीं असें मुळींच नव्हे. देवी, गोंवर, हगवण, कारणें पुष्कळ होतीं. परंतु जें मूल राहिलें तें साक्ष देण्यास उभें राहतें, आणि जें गेलें त्यास कोणी साक्षीस बोलावीत नाहीं.

औषधांसंबंधीं १९४० चा कायदा आहे; १९६४ सालीं आयुर्वेदिक औषधांसाठीं त्यांत स्वतंत्र प्रकरण घातलें गेलें. बचनाग, धोतरा, बिबा, कुचला, गुंज, कण्हेर इत्यादि विषारी द्रव्यांची यादी त्यास जोडलेली आहे, व तीं ज्यांत आहेत अशा पोटांत घेण्याच्या औषधाच्या बाटलीवर वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावें अशी सूचना छापावी लागते. बाजारांत बाटली घेतांना ती वाचावी. परंतु बांधावरून उपटून आणलेल्या मुळीवर कोणती सूचना असणार? तेथें मंडळींतील उपदेशक व शिकलेली माणसें यांनाच थोडें काम केलें पाहिजे.

कोणी झाडपाला घेत असेल तर त्याच्याशीं वाद घालूं नये. कोणतें झाड, कोणता भाग, किती दिवस, दिवसांतून किती वेळां, हें विचारून वहींत टिपून ठेवावें. पान व फूल असलेली डहाळी जुन्या वर्तमानपत्राच्या घडींत दाबून ठेवावी. हेंच पत्र वाचून झाल्यावर त्या कामीं आलें तर आम्हांस आनंदच होईल. तालुक्याच्या कॉलेजांतील वनस्पतिशास्त्राचे शिक्षक तिची ओळख सांगूं शकतात. गरोदर स्त्री, अंगावर पाजणारी आई, तान्हें मूल, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा रोगी, यांस डॉक्टरांस विचारल्यावांचून काढा देऊं नये. क्षयाचीं औषधें चालू असणाऱ्यांस तर मुळींच नाहीं. तीं औषधें स्वतःच कधीं कधीं यकृतास बाधतात. त्यांत काढ्याची भर पडून कावीळ झाली तर डॉक्टरांस क्षयाचीं औषधें थांबवावीं लागतात, आणि दोष कोणाचा हें कळत नाहीं.

डोळे पिवळे दिसूं लागले, लघवी गर्द झाली किंवा फार कमी होऊं लागली, ओकाऱ्या थांबेनात, जीभ बधिर झाली, तर औषध त्याच क्षणीं बंद करून दवाखाना गांठावा. कित्येक आयुर्वेद महाविद्यालयांत आयुष मंत्रालयाच्या योजनेंतून असे अपाय नोंदविण्याची सोय केलेली आहे, ती डॉक्टरांच्या कानावर घालावी. डॉक्टर विचारतात, काय काय घेतलें होतें? आपलीं माणसें उत्तर देतात, कांहीं नाहीं. कारण काढा हें औषध आहे असें त्यांस वाटतच नाहीं. रोग्याबरोबर जाणाऱ्यानें काढ्याचा चोथा, उरलेली मुळी व ती वही पिशवींत घालून बरोबर न्यावी, आणि रोगी कांहीं नाहीं म्हणाला तरी ती पिशवी डॉक्टरांपुढें ठेवावी.